दोन नंबरचा तिसरा बिल्ला

माझं नाव त्यांनी सहा वर्षांत एकदाही घेतलं नाही. त्यांच्या लेखी मी 'दोन नंबर' होते. "दोन नंबर, तुमची बादली विहिरीवर राहिली." "दोन नंबर, दूध वर येतंय. आधी तिकडे बघा, मग माझ्याशी बोला." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्न होऊन नुकतंच बिऱ्हाड थाटलेली बाई मी, आणि हा म्हातारा मला मालगाडीच्या डब्यासारखं नंबराने ओळखतो!

डोंबिवलीला स्टेशनच्या पश्चिमेला, कोपरच्या वाटेवर त्यांचं बैठं कौलारू घर होतं. एका टोकाला ते आणि काकू, मग ओळीने तीन बिऱ्हाडं, मधलं आमचं. मागे सगळ्यांत मिळून एक विहीर, एक न्हाणीघर आणि कपडे वाळत घालायला एक लांबलचक तार. कल्याणच्या यार्डात सिग्नलच्या केबिनमध्ये बत्तीस वर्षं खटके ओढून ते रिटायर झाले होते. आता ओढायला खटके उरले नाहीत म्हणून की काय, त्यांनी आमचे संसार हाती घेतले. आम्ही भाडेकरू आपसात त्यांना 'केबिन' म्हणत असू. तोंडावर अर्थात काका.

ओट्यावरच्या भिंतीला त्यांनी एक काळा बोर्ड ठोकला होता. त्यावर घरातल्या प्रत्येक माणसाचे दोन खिळे, एक वर, एक खाली, आणि माणशी एक पत्र्याचा गोल बिल्ला. घरात असाल तर बिल्ला वरच्या खिळ्याला, फाटकाबाहेर पडलात की खालच्या. आमच्या ह्यांचा बिल्ला दोन-एक, माझा दोन-दोन. भाजी आणायला निघाले आणि बिल्ला खाली करायला विसरले, तर हे गृहस्थ फाटकापर्यंत मागे यायचे. "दोन नंबर, तुम्ही अजून घरात आहात." मी पिशवी घेऊन रस्त्यात उभी, आणि मी म्हणे घरात!

कोण घरात आहे ते बोर्डावर दिसलं की मागचं दार कोणी लावायचं, वाळवण कोणी उचलायचं, गिरणीतलं दळण कोणी आणायचं हे आपोआप ठरतं, त्याला बोलाचाली लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोर्डावर त्यांचा विश्वास इतका, की एकदा काकू बिल्ला खाली न करताच देवळात गेल्या, तर हे चहाची वाट बघत तासभर खुर्चीत बसून राहिले. मी सांगायला गेले, "काका, काकू देवळात गेल्यात. मी स्वतः बघितलं."

त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "आत आहे ती."

काकू फाटकातून येताना दिसल्या तेव्हा मला वाटलं, आता काकूंची कंबख्ती. पण ते चिडले नाहीत. काकूंना म्हणाले, "बिल्ला तुझ्या वाटेत नाही. चूक माझी." आणि दुसऱ्या दिवशी काकूंचे दोन्ही खिळे त्यांनी बोर्डावरून काढून चपला ठेवायच्या जागेवर, बरोबर डोळ्यांसमोर येतील असे ठोकले. त्यानंतर काकू कधी विसरल्या नाहीत.

"गोंधळ माणसात नसतो, रुळात असतो." हे त्यांचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं. कोणाच्या हातून काही सांडलं, फुटलं, हरवलं, तर 'कोणी केलं?' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते विचारायचे, "कुठे उभे होतात?"

आता मी स्वभावाने संशयी. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात या स्वभावाचा हात आहे. भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर फुकट दिली तर मी आधी त्याचा काटा बघते. कोणी उगाच गोड बोललं तर रात्रीपर्यंत माझ्या डोक्यात एकच, याला माझ्याकडून काय हवंय? त्यामुळे आम्ही राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात काका एक स्टूल आणि एक जाडजूड वही घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले, तेव्हा माझं काय झालं असेल ते बघा. सोबत वाती वळायला काकूंना आणलं होतं.

"आठ दिवस नुसतं बघणार," ते म्हणाले. "बोलणार नाही."

आणि खरंच बोलले नाहीत. मी पिंपाकडे गेले की वहीत एक रेघ. शेगडीकडे आले की दुसरी रेघ. एकदा मी मुद्दाम उगाचच इकडून तिकडे चार फेऱ्या मारल्या, तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझं आटपेपर्यंत वाट बघितली. काकू हळूच म्हणाल्या, "चिडू नकोस हो. मला तर चाळीस वर्षं असंच बघतायत."

नवव्या दिवशी तोंड उघडलं. "पिंप दाराआड, शेगडी खिडकीपाशी. सकाळच्या स्वयंपाकात तुम्ही सव्वीस वेळा पाण्याला जाता, आणि दर वेळी शेगडीकडे पाठ होते. दूध तेव्हाच उतू जातं. तुम्ही वेंधळ्या नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता, आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हटलं. कारण मला वेंधळी म्हणणारं माणूस तेच होतं. मग दोघांनी मिळून पिंप ओढून शेगडीच्या उजव्या हाताला आणलं. त्यानंतर आमच्याकडे दूध उतू गेल्याचं मला आठवत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार खटकलं. यात या माणसाचा फायदा काय?

विहिरीचंही तसंच. एक नंबरच्या वहिनी आणि तीन नंबरच्या मास्तरांची बायको यांची रहाटावरून रोज सकाळी जुंपायची. काकांनी एक वेताचं कडं आणून विहिरीच्या खांबाला अडकवलं. एकेरी रुळावर जसं ड्रायव्हरच्या हातात कडं असल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसं कडं हातात असेल तिनेच रहाटाला हात लावायचा, आणि पाणी भरून झालं की पुढचीच्या हातात द्यायचं. आठवड्याभरात भांडण बंद. दोघी एकमेकींना कैऱ्या द्यायला लागल्या.

पण एक नंबरच्या वहिनींना माझ्यापेक्षा जास्त संशय होता, आणि तो त्या मोकळेपणी सांगायच्या. "अगं, ती वही कशाला भरतोय तो? खोल्या खाली करायच्यात त्याला. भाडेकरूला असातसा काढता येत नाय ना, मग पोटभाडेकरू ठेवला म्हणून काढतात. कोणाकडे कोण आलं, किती दिवस राहिलं, सगळं लिहून ठेवतो बघ." जागेची तेव्हा अशी ओढाताण होती, की हे ऐकून माझी झोपच उडाली. त्यात काकांचा एक नियमही होता. पाहुणा आठ दिवसांच्या वर राहिला, तर नवव्या दिवशी सकाळी त्याचा बिल्ला बोर्डावर. मास्तरांचा भाऊ आला होता तेव्हा लागलेला मी पाहिला होता.

आणि मग कुसुम आली.

कुसुम माझी धाकटी बहीण. टिटवाळ्याला दिली होती. एका दुपारी कापडी पिशवी छातीशी धरून दारात उभी राहिली. मी विचारलं, "एकटीच?" तर आत येऊन तिने आधी दार लावलं. मग पोलक्याची बाही वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला तीन डाग होते, उलथन्याच्या कडेएवढे लांब. एक ताजा होता.

वडील आमचे गेलेले. भावाने पत्राला उत्तर लिहिलं, संसारात थोडंफार सोसावं लागतं, तिला समजावून परत पाठव. सासरे शोधत येणार हे तिला ठाऊक होतं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "ताई, मला तिकडे पाठवू नकोस. बाकी काही सांग, करीन." आमचे हे ऑफिसला जाताना एवढंच म्हणाले, "राहू दे तिला." ह्या एका वाक्यावर मी त्यांची वेंधळी वगैरे सगळी बोलणी माफ केली.

बाकीच्या बिऱ्हाडांत सांगितलं, आठ दिवसांसाठी आलीय. नववा दिवस उजाडला. बिल्ला नाही. दहावा गेला. बिल्ला नाही. मात्र काका कुसुमकडे बघत होते. ती तारेवर धुणं टाकायला हात वर करी तेव्हा हे त्यांच्या मागच्या दारातून टक लावून बघत, आणि मग वहीत काहीतरी लिहीत. एकदा तर त्यांनी स्वतःचाच हात मागे वळवून दंडाला लावून बघितला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. साठीच्या पुढचा माणूस, आणि ही नजर! आणि बिल्ला का नाही लावत? वहिनींचं बोलणं आठवलं आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. बिल्ला लावला तर कुसुम उघड पाहुणी. नाही लावला, तर उद्या हाच म्हणणार, यांनी माणूस लपवून ठेवलंय, खोली खाली करा. मग आम्ही दोघं कुठे जाणार, आणि कुसुम कुठे?

अकराव्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गेले.

"काका, माझी बहीण दहा दिवस झाले इथे आहे. तिचा बिल्ला?"

"राहू द्या."

"नियम तुमचाच आहे ना?"

"आहे."

"मग मास्तरांच्या भावाला एक नियम आणि माझ्या बहिणीला एक?"

त्यांनी वही मिटली. "दोन नंबर, बोर्ड रस्त्यावरून दिसतो."

"दिसू दे की! आम्ही काही चोरून ठेवलेलं नाही."

ते खुर्चीतून उठले. मग सदऱ्याच्या खिशातून बिल्ला काढला. त्यावर दोन-तीन असा आकडा ठोकलेला होता, म्हणजे तो करून तयार होता. त्यांनी बोर्डात दोन नवे खिळे मारले आणि बिल्ला वरच्या खिळ्याला लावला. मी मान ताठ करून आत आले. कुसुम म्हणाली, "ताई, कशाला ग?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं. ह्या माणसाला मी ओळखून आहे."

बिल्ला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे सासरे आले.

मी पुढच्या खिडकीशी तांदूळ निवडत होते, कुसुम आत शेगडीपाशी. फाटकाची कडी वाजली म्हणून बघितलं, तर काळी टोपी, हातात छत्री. फाटकातूनच त्यांनी मोठ्याने आमचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "आमची सून इथं आलीय. न्यायला आलोय." फाटकापासून ओट्यापर्यंत वीसेक पावलं. काका बोर्डाखालच्या खुर्चीत बसलेले होते. ते उठले. पाहुण्याला नमस्कार करायला उठतात तसेच उठले, पण उठताना त्यांचा एक हात मागे गेला. दोन-तीनचा बिल्ला वरच्या खिळ्यावरून निघाला आणि खालच्या खिळ्याला लागला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"बसा," काका म्हणाले. "दोन नंबरची बहीण ना? आली होती. गेली."

"गेली? कुठं?"

"ते मला माहीत नाही. इथे बोर्ड असतो. वर म्हणजे आत, खाली म्हणजे बाहेर. हा तिचा बिल्ला. खाली आहे."

सासरे हसले. "पत्र्याच्या तुकड्यावर मी विश्वास ठेवू? आत जाऊन बघतो."

"दोन-एकही खाली आहे. घरात पुरुषमाणूस नाही. आत जाता येणार नाही."

आवाज चढले. कुसुमने माझ्यामागे येऊन माझा हात इतका घट्ट धरला होता, की माझी बांगडी पिचली. आणि नेमक्या तेव्हाच एक नंबरच्या वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. माझं धाबं दणाणलं. सकाळीच विहिरीवर त्यांनी कुसुमच्या हातात कडं दिलं होतं, तिच्या वेणीचं कौतुकही केलं होतं.

सासऱ्यांनी त्यांनाच धरलं. "बाई, तुम्ही सांगा. आमची सून आहे की नाही आत?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मग बोर्डाकडे. मग काकांकडे. आणि म्हणाल्या, "बिल्ला खाली आहे म्हणजे गेलीच असणार. आमच्याकडे बोर्ड चुकत नाय हो. हे काका सोताच्या बायकोपेक्षा बोर्डावर विश्वास ठेवतात, कोणालाही विचारा."

वहिनींना खरंच तसं वाटलं, की त्यांनी आम्हाला वाचवलं? मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि माझा अजून निर्णय होत नाही. पण सासऱ्यांवर त्याचा परिणाम झाला. एक म्हातारा खोटं बोलेल. शेजारीण कशाला बोलेल? ते छत्री आपटत निघून गेले. काका त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले, कडी लावली आणि परत येऊन खुर्चीत बसले.

दिवेलागणीला मी त्यांच्याकडे गेले. काकू आत तुळशीपाशी होत्या. मी विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं? मी तर कोणाला काही बोलले नव्हते."

ते म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात आठ दिवस बसलो होतो. काकूंच्या स्वयंपाकघरात तर आयुष्यभर बसलोय. शेगडीशी काम करणाऱ्या बाईला चटका बोटांना बसतो, मनगटाला बसतो. इथे," त्यांनी हात मागे वळवून दंडाला लावला, "बसत नाही. कुठेही उभी राहिली तरी बसत नाही. मी सगळ्या जागा करून बघितल्या वहीत." मग म्हणाले, "गोंधळ माणसात नसतो म्हणायचो मी. तिथे माणसातच आहे."

मला शरमेने वर बघवेना. ज्या नजरेबद्दल मी काय काय समजले होते, ती नजर ही होती.

सकाळी उठून बघते, तर भिंत उघडी. बोर्ड काढलेला. त्याच्या जागी चुन्याचा एक पांढरा चौकोन आणि कडेने भोकं. काका विहिरीवरचं कडंही सोडवत होते. मी धावत गेले.

"हे काय काका?"

"बत्तीस वर्षांत खोटा सिग्नल दिला नव्हता."

"पण चांगल्यासाठीच दिलात ना!"

"कशासाठी दिला ते गाडीला कळत नाही. ज्याने एकदा दिला त्याने केबिनमध्ये बसू नये."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "काका, माझ्यामुळे झालं हे. तुम्ही नको म्हणत होतात. मीच हट्टाने तो बिल्ला लावायला लावला. तो नसता तर खाली करायची वेळच आली नसती. तुमच्यावर संशय घेतला मी."

ते कडं हातात घेऊन उभे होते. त्यांनी मला नेहमीचाच प्रश्न विचारला. "दोन नंबर, तुम्ही कुठे उभ्या होतात?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुमच्या जागेवरून तसंच दिसणार. बोर्ड रस्त्यासमोर ठोकायला नको होता. चूक माझी."

कुसुमला आम्ही त्याच आठवड्यात ठाण्याला माझ्या मैत्रिणीकडे हलवलं. तिथे तिने नर्सिंगचा कोर्स केला, नोकरी धरली. वर्षभराने सासरच्यांनी नाद सोडला. इकडे आमच्या घरात मात्र महिन्याभरात विहिरीवर पुन्हा जुंपायला लागली. वाळवण भिजायला लागलं, मागचं दार उघडं राहायला लागलं, आणि एक नंबरच्या वहिनी कैऱ्या द्यायच्या बंद झाल्या. काका खुर्चीत बसून हे सगळं ऐकत. कधी कोणी त्यांच्याकडे न्यायाला गेलं तर म्हणत, "मी आता रिटायर आहे." आधी जे रिटायर झाले होते ते बहुतेक त्यांनी धरलंच नव्हतं. बोर्डाची फळी काकूंनी लोणच्याच्या बरणीखाली घातली. मला ती दिसली की गलबलून यायचं, आणि दुसऱ्याच क्षणी काकांचा राग यायचा, की एवढं कशाला मनाला लावून घ्यावं माणसाने?

तीन वर्षांनी ह्यांची बदली झाली आणि आम्ही ती जागा सोडली. सामान टांग्यात चढत होतं. काका फाटकाशी उभे होते, बरेच थकलेले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. विचारलं, "दोन-तीन कुठे असते?"

"ठाण्याला. स्वतःची खोली घेतलीय आता. एकटी राहते."

त्यांनी मान हलवली. काहीतरी हिशेब चालला होता डोक्यात. मग म्हणाले, "पिंप कुठे ठेवलंय?"

"शेगडीच्या उजव्या हाताला," मी म्हटलं.

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी फाटकाची कडी लावली.

खरं तर तिच्या खोलीत पिंप दाराआड होतं. पुढच्याच रविवारी मी ठाण्याला गेले, चप्पलसुद्धा न काढता आत शिरले, आणि कुसुम काय चाललंय काय चाललंय म्हणत असताना ते भरलेलं पिंप एकटीने ओढून शेगडीच्या उजव्या हाताला आणलं.